घरी न्यायला कोण

नर्सने फोनवर विचारलेल्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं कॉर्लिसने सवयीने दिली होती. ॲलर्जी कशाची नाही, सिगारेट नाही, वाईन कधीतरी. मग सूचना: शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही, नखांना रंग नाही, अंगावर दागिना नाही. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ती केमिस्ट होती; अमुक नको, तमुक एवढंच, असल्या सूचना तिच्या कानाला बऱ्या वाटत. मग नर्स म्हणाली, "आणि घरी न्यायला कोण येणार?" टॅक्सी करीन, असं कॉर्लिसने सांगितलं. ते चालणार नाही, नर्स म्हणाली. भूल दिलेली असते, डोकं ठिकाणावर नसतं, टॅक्सीवाल्याच्या हाती आम्ही कुणाला सोपवत नाही, तुमचं कुणीतरी लागेल, सही करून घेऊन जाणारं. कॉर्लिस खिडकीशी उभी होती. खाली सरोवर करडं, थंड पसरलेलं होतं आणि त्यावर एकही होडी नव्हती. "अलॉन्झो पेटवे," ती म्हणाली. "तुमचे मिस्टर?" नर्सने विचारलं. आणि कॉर्लिस म्हणाली, "हो."

फोन ठेवून ती पुन्हा कामाला लागली, पण त्या 'हो'ने तिला दिवसभर सोडलं नाही. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. शिवाय ते किती सहज बाहेर आलं होतं. अडखळणं नाही, घसा खाकरणं नाही. अलॉन्झो पेटवेशी ती बोलून वर्ष उलटून गेलं होतं. तो तिचा मिस्टर कधीच नव्हता. चारेक महिने रविवारी संध्याकाळी तो तिच्याकडे जेवायला येत असे, एवढंच. पण नर्सच्या कागदावर आता तो तिचा नवरा होता, आणि गाडी चालवत दक्षिणेकडे घरी जाताना तिच्या मनात आलं की आपल्या जन्मात नवऱ्याच्या रकान्यात कुणाचं नाव पडलं ते हे पहिलंच. हे मनात आलं आणि तिला ना रडू आलं ना हसू.

आता खरं कोण येणार, हा प्रश्न होताच. मैत्रीण नाड्रा इथे असती तर ती आली असती, चप्पल न घालता आली असती. पण नाड्रा ह्यूस्टनला जाऊन किती तरी दिवस झाले. भाऊ सैन्यात, जर्मनीत. ऑफिसातल्या कुणाला सांगायचं म्हणजे गर्भाशयातल्या गाठींबद्दल सांगायचं, आणि त्या गाठी म्हटलं की पुढे 'मूलबाळ?' आलं. उरली मम्मा. मम्मा सत्तरीची, गुडघा धरलेला, मोतीबिंदूनंतर गाडी चालवणं सोडलेलं. पण तिला सांगितलं असतं तर ती दोन बस बदलून आली असती यात शंका नव्हती. अडचण तिच्या गुडघ्याची नव्हती. अडचण अशी की मम्मा आली की तिच्याबरोबर ते बोलणंही येणार.

ते बोलणं कॉर्लिसला पाठ होतं. चर्चमधल्या जेवणाला मोठ्या पातेल्यांच्या मागे उभी राहून, कोबीची भाजी वाढता वाढता, मम्मा चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "आमच्या राणीसाहेबांना कुणी पसंत पडेल तर ना. पाणी तपासते तशी माणसं तपासते. थोडा गाळ दिसला की ओतून दिलं." बायका हसत. मग प्रत्येकीला काहीतरी सांगायचं असे. एवढं शिकून काय उपयोग, बिछाना थंडच. माणूस घडवून घ्यावा लागतो बाई, तयार मिळत नाही. चर्चमध्ये बायका एकमेकींना सिस्टर म्हणत. सिस्टर ओडेसाने तर एकदा तिचा हात हातात घेऊन, डोळे मिटून, तिच्या मनातला गर्व जाऊ दे म्हणून प्रार्थनाच केली होती, अख्ख्या दालनात. कॉर्लिस हे सगळं ऐकून घेत असे. मानेला ताठा देऊन, किंचित हसून. ते हसू तिने कुठून उचललं होतं तिला आठवत नव्हतं, पण ते तिला शोभत असे असं लोक म्हणत. आणि गाडीत बसून दार लावलं की ते चेहऱ्यावरून काढायला थोडा वेळ लागे.

तिच्या अटी काय होत्या? रस्त्याच्या दिव्यापाशी थांबली असताना तिने खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. सगळ्यांना वाटे की डॉक्टर हवा असेल, निदान वकील हवा असेल, लेकुरवाळा नको असेल. वकील तर तिला मिळालाच होता. जूलियन. सव्विसाव्या वर्षी भेटला आणि तिशी ओलांडेपर्यंत होता. लग्नाचं तो कधी नाही म्हणाला नाही. आधी परीक्षा, मग कर्ज, मग त्याच्या आईचं आजारपण. कारणं सगळी खरी असत, त्यामुळे भांडायलाही जागा नसे. ती त्याच्या आईला तपासणीला घेऊन जाई. त्याच्या ऑफिसच्या नाताळच्या पार्टीत त्याने तिची ओळख 'माझी मैत्रीण, पाण्यातली शास्त्रज्ञ' अशी करून दिली आणि सगळे हसले, तीही हसली. मग एका शनिवारी, सकाळच्या कॉफीवर, तो शांतपणे म्हणाला की आपण दोघं एकमेकांची फार चांगली काळजी घेतली. त्या 'घेतली'तला भूतकाळ ऐकून तिने वर पाहिलं. वर्षाच्या आत त्याने लग्न केलं. मुलगी तिच्यापेक्षा लहान आणि रंगाने चांगली उजळ होती. रंगाचं तिच्या मनात येऊ नये असं तिला वाटलं होतं, पण फोटो पाहताना तिने आधी तेच पाहिलं होतं, आणि मग स्वतःच्या मनगटाकडे.

त्यानंतर फोनवरच्या ॲपवरून जोडीदार शोधणं. नाड्रानेच सगळं भरून दिलं होतं, फोटोही तिनेच निवडले. संध्याकाळी कॉर्लिस उघडून पाही आणि तिथे काही नसे. नाड्राला म्हणे की नेटवर्क नीट नाही. ऑफिसातली केटी, पिंगट केसांची, बिनबाह्यांचा एक साधा फोटो टाकून बसलेली, आपल्याला आलेले निरोप पुसता पुसता वैतागून जाई. कॉर्लिसला जे दोघंतिघं आले त्यांत एकाने लिहिलं होतं की तुमच्यातल्या, काळ्या बाईबरोबर मी अजून कधी गेलो नाही, उत्सुकता आहे. तिने फोन पालथा ठेवला आणि भांडी घासली. कॉलेजातही हेच होतं. आपल्या रंगाच्या एका मुलामागे दोन मुली, आणि तो मुलगाही बाहेरच बघणारा. हे कुणाला सांगायचं? चर्चमध्ये सांगायचं? तिथे तर ती निवडत होती, नाकारत होती, रांगच्या रांग परत पाठवत होती. आणि कधीतरी, केव्हा ते तिलाही कळलं नाही, तिने ते कानाआड करणं सोडून अंगावर घेतलं. एखादीने विचारलं, "काय गं, अजून कुणी पसंत नाही?" की ती म्हणे, "माझ्या काही अपेक्षा आहेत, सिस्टर." अपेक्षा हा शब्द तिला आवडू लागला. तो पांघरून बाहेर पडता येत असे.

खऱ्या अपेक्षा विचारल्या असत्या तर तिने सांगितलं असतं की फोन करतो म्हणाला तर फोन करणारा हवा. दिवस कसा गेला असं विचारून उत्तर संपेपर्यंत थांबणारा हवा. एवढंच. पण एवढंसुद्धा मिळत नाही तेव्हा ते मागणं फार मोठं दिसायला लागतं, दुसऱ्यांना आणि आपल्यालाही.

अलॉन्झो थांबत असे. म्हणून तर त्याचं नाव जिभेवर आलं असेल. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहराच्या मधल्या भागातल्या उंच इमारतींत दिवसभर अंधाऱ्या विहिरीत लोंबकळून काम, आणि तरी रविवारी पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी ताठ. घटस्फोट झालेला, दोन मुली कॉलेजात. मम्मानेच ओळख करून दिली होती. कॉर्लिसला तो पहिल्या दिवशी आवडला आणि तिने ते त्याला कळू दिलं नाही. टेबलावर कापडी रुमाल, उभे ग्लास, मागे हळू संगीत. आपण काही हातघाईला आलेलो नाही हे त्याला दिसावं असं तिला वाटे. तो काही बोलला की ती नीट ऐके, मग मान डोलवून पुढचं विचारी. त्याच्या पूर्वीच्या संसाराबद्दल, मुलींच्या फीबद्दल, रागाबद्दल, देवाबद्दल. जूलियनला यांतलं काहीच विचारलं नव्हतं म्हणून याला सगळं विचारायचं, असं तिने ठरवलेलं होतं. एका रविवारी मम्माने दिलेला मॅकरोनीचा काचेचा ट्रे मधे होता, अलॉन्झोने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "कॉर्लिस, तुझ्या खालच्या रस्त्यावर आलो की मी गाडी थांबवून शर्ट नीट करतो, काय बोलायचं ते मनात घोकतो. आणि परत जाताना सुटल्यासारखं वाटतं. तू फार चांगली आहेस. पण मला दर रविवारी नोकरीच्या मुलाखतीला नाही यायचं." तो उठला, ट्रे धुऊन मम्माकडे पोचता करतो म्हणाला, आणि गेला. थांब, हा शब्द तिच्या तोंडाशी आला होता. पण तो शब्द म्हणायची सवय नव्हती, आणि दरवाजा लागल्यावर ती मेणबत्ती विझवून उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी मम्माने फोनवर विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाही पटलं." पुढच्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना माहीत झालं होतं की राणीसाहेबांनी लिफ्टवालाही परत पाठवला. कॉर्लिस किंचित हसली.

घरी पोचल्यावर कोट न काढता तिने मम्माला फोन केला. शस्त्रक्रियेचं सांगितलं, वार सांगितला. मम्माने एकच विचारलं, "पिशवी काढणार?" पहिल्या डॉक्टरने तेच सुचवलं होतं. म्हणे चाळिशी आली आहे, लग्न नाही, ठेवून करायचं काय, आणि हे म्हणताना त्याने घड्याळाकडे पाहिलं होतं. म्हणून ती दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. त्या म्हणाल्या, गाठी तेवढ्या काढू, पण रक्त फार गेलं तर मला पिशवी काढावी लागेल, तशी सही द्या. तिने सही दिली होती. "बहुतेक नाही," कॉर्लिस म्हणाली. मम्मा म्हणाली, "मी सकाळच्या बसने येते. बाकी बोलू नंतर." ते नंतरचं बोलणं कॉर्लिसला ऐकू येऊ लागलं होतं.

हॉस्पिटलात मम्मा तिच्या आधी पोचली होती. जांभळी टोपी, चर्चचा कोट, मांडीवर पर्स. खिडकीमागच्या मुलीने कागद चाळले आणि सरळ विचारलं, "मिस्टर पेटवे आलेत का? तुमचे पती?" कॉर्लिसच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती काही म्हणायच्या आत शेजारून मम्माचा आवाज आला, जरासुद्धा न हलता. "जावई कामात अडकलेत हो. कुठेतरी लिफ्टमध्ये माणसं अडकली आहेत म्हणे. मी आई आहे, माझी सही घ्या." मुलीने पेन पुढे केलं. मम्माने सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. अर्लीन टॉलिव्हर. मग कॉर्लिसकडे न बघता खुर्चीवर जाऊन बसली आणि पर्समधून शब्दकोड्याचं पुस्तक काढलं. कॉर्लिस तिच्याकडे पाहत राहिली. मम्मा खोटं बोलू शकते हे तिला माहीत नव्हतं. इतकं सफाईदार, आतल्या बारकाव्यांसकट.

मग आत नेलं. वरचे दिवे एकेक मागे पडत गेले. कुणीतरी सांगितलं की आवडत्या जागेचा विचार करा, आणि तिला एकही जागा सुचेना. सुचलं ते प्रयोगशाळेतलं पांढरं बेसिन. त्याचाच विचार करत ती बुडाली.

शुद्ध आली ती तुकड्यातुकड्यांनी. आधी घसा, मग पोटात कुठेतरी दूर चाललेलं ओढणं, मग पडदा, मग पडद्याच्या अलीकडे जांभळी टोपी. तिने विचारायला तोंड उघडलं पण आवाज फुटला नाही. मम्मा वाकून म्हणाली, "आहे. जागच्या जागी आहे. बाई आत्ताच सांगून गेली. गाठी तेवढ्या काढल्या, एक तर म्हणे संत्र्याएवढी होती." कॉर्लिसने डोळे मिटले. आहे, तिने मनात म्हटलं. त्या आहेचं पुढे काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. मूल होईल की नाही, कुणाचं होईल, काही नाही. पण कुणीतरी घड्याळाकडे बघत नको ठरवलेली गोष्ट तिच्याकडे अजून होती. मम्मा तिच्या तोंडात चमच्याने बर्फाचा चुरा घालत होती. भुलीने जीभ सैल झाली होती, आणि एरवी शब्दांच्या आधी जी एक जागा असते, जिथे ती थांबून पुढचं तपासून घेई, ती जागाच आज सापडत नव्हती.

"मम्मा, मी अलॉन्झोला सोडलं नाही."

"बरं."

"त्याने मला सोडलं. जूलियननेही. मी कुणालाच नाही म्हटलेलं नाही. कुणी विचारलं तर नाही म्हणणार ना."

मम्माने चमचा पेल्यात ठेवला. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

कॉर्लिसने डोळे उघडले. मम्मा पांघरुणाची कड नीट करत होती. "तो आला होता ना ट्रे द्यायला. दारातच सगळं सांगितलं त्याने, आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, तिच्याबद्दल कुणी वाईट बोललेलं मला चालणार नाही. चांगला माणूस. पण तुझ्यासाठी नव्हता. आणि तो वकील तर माझ्या डोळ्यांत पहिल्यापासूनच खुपायचा."

"मग तू चर्चभर का सांगत फिरलीस की मीच नाकारते म्हणून? इतकी वर्षं?"

पडद्यापलीकडे कुणाला तरी उलटी होत होती आणि नर्स त्याला धीर देत होती. मग मम्मा म्हणाली, "तुला विल्हेल्मिना आठवते? ऑर्गन वाजवायची ती. कुणी केली नाही तिला. काय बाई होती, काय हात होता तिचा. आणि सगळे तिला 'बिचारी' म्हणायचे. लग्नात तिला पोरांच्या टेबलावर बसवायचे, पन्नाशीच्या बाईला. ताटात वाढतानासुद्धा बिचारी. मी पण म्हणायचे. मग तू तिशीची झालीस आणि एक दिवस ओडेसा मला म्हणाली, तुझी कॉर्लिस, बिचारी. मी तिथल्या तिथे म्हटलं, बिचारी कुठली, तिला कुणी पसंतच पडत नाही, मीच कंटाळले. त्या दिवसापासून म्हणत आले. गर्विष्ठ म्हणा, शिव्या घाला, प्रार्थना करा. गर्विष्ठ बाईला लोक पुढच्या रांगेत बसवतात, पोरी."

"मला वाटायचं तू माझ्यावर रागावली आहेस."

"रागावलेच होते," मम्मा म्हणाली. "तुझ्यावर नाही."

कॉर्लिस छताकडे पाहत राहिली. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही; उलट थोडं उघडं पडल्यासारखं, थंडी वाजल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं आपण एकटीच ते खोटं सांभाळतो आहोत अशी तिची समजूत होती. आणि पलीकडच्या बाजूने ही बाई, धरलेल्या गुडघ्यावर उभी राहून, कोबी वाढता वाढता, तेच सांभाळत होती. दोघींनी एकमेकींना एक शब्द विचारला नव्हता. विचारला असता तर काय झालं असतं? कदाचित त्या रविवारी ती 'थांब' म्हणाली असती. कदाचित नसतीही. मम्माचा हात तिच्या कपाळावर आला, खरखरीत आणि बर्फाने गार, आणि तिने तो तिथे राहू दिला.

दुपारी नर्सने कपडे घालायला मदत केली, एक लहान उशी दिली. खोकला आला, शिंक आली तर ही पोटाशी धरा, नाहीतर टाके ओढतील. टॅक्सी आली. मम्मा आधी आत शिरली, मग हात धरून कॉर्लिसला घेतलं, आणि ड्रायव्हरला सांगितलं की खड्डा दिसला तर आपल्या आईला घेऊन चालला आहेस असं समज. गाडी सरोवराच्या कडेने दक्षिणेकडे निघाली. ऊन पडलं होतं. मग मम्माचा फोन वाजला. सिस्टर ओडेसाचा आवाज पलीकडून कॉर्लिसलाही ऐकू येत होता.

"झालं गं सगळं, देवाची कृपा," मम्मा म्हणाली. "हो, हो, नीट आहे. काळजी घेतली ना फार. तिथला एक डॉक्टर, भूल देणारा, काय त्याची धावपळ. उशी आणली, पांघरूण आणलं, तीनदा येऊन बघून गेला. बायको नाही त्याला, मी विचारून घेतलं." मग ती पुढच्या वाक्याला आली, आणि क्षणभर अडखळून, कॉर्लिसकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "पण आता आमच्या राणीसाहेब तुला माहीतच आहेत."

पलीकडून ओडेसाने काहीतरी विचारलं. मम्माने उत्तर तयार ठेवलं नव्हतं हे दिसत होतं. तिने फोनवर तळहात ठेवला आणि लेकीकडे वळली.

"काय कमी होतं त्याच्यात, विचारते आहे."

कॉर्लिसने खिडकीबाहेर पाहिलं. नको म्हणता आलं असतं. पुरे झालं आता, खरं सांग तिला, असंही म्हणता आलं असतं, आणि कधीतरी ती म्हणेलही. पण मम्मा टोपी वाकडी करून वाट पाहत होती, शाळेत कविता विसरलेल्या पोरीसारखी.

"बुटका होता," कॉर्लिस म्हणाली.

मम्माने मान डोलावली आणि तळहात काढला. "बुटका होता गं," ती फोनमध्ये खेदाने म्हणाली. "माझ्या खांद्याला लागेल न लागेल एवढा." तेव्हा कॉर्लिसला हसू फुटलं, आणि तिने ती उशी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली.